भूकच लागत नाही, मग वहीत लिहू काय?

गेल्या महिन्याच्या सदरात मी सहज एक वाक्य लिहून गेले होते, की वजन कमी करायचं औषध चालू असेल तर खाण्याची वही ठेवाच. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच द्यावं लागलं. आधीच सांगून टाकते, मी आहारतज्ज्ञ आहे, डॉक्टर नाही. डोस वाढवणं, कमी करणं, थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम, माझं काम ताटापुरतं आणि वहीपुरतं. एकसारखी पत्रं एकत्र केलीत, लांबलेली कापलीत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: ताई, मी ४४ वर्षांची. सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू करून सात आठवडे झाले. डॉक्टरांनी खाण्याची डायरी ठेवायला सांगितली. पहिले दहा दिवस अगदी इमानदारीत लिहिलं, आता लिहायला काही उरलंच नाही. सकाळी कपभर चहा, दुपारी चार-पाच घास, रात्री बऱ्याचदा काहीच नाही कारण इच्छाच होत नाही. वजन साडेपाच किलो उतरलंय, घरातले खूश, मीही खूश. मधूनमधून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते तेवढं सोडलं तर सगळं मस्त चाललंय. मग रोज काय "काही नाही, काही नाही" असं लिहीत बसू का?

उत्तर: हो, लिहा. "काही नाही" असंच लिहा आणि शेजारी वेळ टाका. तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तीच आहे आणि तुम्ही ती "तेवढं सोडलं तर" मधे गुंडाळून टाकलीत.

कसंय ना, डायटची वही म्हणजे चोर पकडायची वही असं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. रात्री अकराला बिस्किटं किती खाल्ली, मुलांच्या ताटातलं उरलेलं किती संपवलं, ते सगळं लिहायचं आणि मग स्वतःवरच चिडायचं. औषध चालू झालं की हे उलटं होतं, चोर पळालेला असतो. आता वही लागते ती कमी काय पडतंय ते बघायला, आणि ते बघणं जास्त अवघड असतं कारण जे खाल्लंच नाही ते आठवत नाही. खाल्लेलं बिस्किट टोचतं, न खाल्लेलं अंडं कुठे टोचतं?

थोडं मागचं सांगते म्हणजे लक्षात येईल. जीएलपी-१ नावाचं हार्मोन आपल्या आतड्यात जेवणानंतर तयार होतंच, पण ते रक्तात जेमतेम दोनेक मिनिटं टिकतं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच नक्कल, फक्त अशी बनवलेली की शरीरातून निम्मी मात्रा जायलाच साधारण एक आठवडा लागतो, म्हणून तर आठवड्यातून एकदा टोचून भागतं. त्याने पोट हळू रिकामं होतं आणि मेंदूला सारखा निरोप जात राहतो की बास, झालं पोटभर. म्हणजे भूक हा जो आपला जन्मापासूनचा अलार्म, त्याचा आवाज कोणीतरी बंद करून ठेवलाय. शरीराची गरज मात्र चालूच आहे, ती काही बंद झालेली नाही.

आणि तुम्ही अजून पायऱ्या चढताय. वजनासाठी हे औषध बहुतेक वेळा ०.२५ मिलिग्रॅमने सुरू करतात आणि चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ असं वर नेतात. सातव्या आठवड्यात तुम्ही बहुधा दुसऱ्याच पायरीवर असाल. दुसऱ्या पायरीवरच रात्रीचं जेवण गायब आणि उठताना अंधारी, तर तिसरी पायरी चढायच्या आधी हे डॉक्टरांना कळायलाच हवं, आणि "जरा कमी खाल्लं जातं" असं मोघम सांगून ते कळत नाही. "गेल्या चौदा रात्रींपैकी नऊ रात्री जेवले नाही" असं सांगितलं की कळतं. ते नऊ कुठून येणार? वहीतूनच.

अंधारीचं वेगळं सांगते. पाणी कमी जात असेल, कारण भूक गेली की तहानही अनेकांची मंदावते आणि आपल्या पाण्याचा बराच भाग खाण्यातूनच येत असतो, तो आटला. पण तुम्ही बीपीची गोळी घेता का ते लिहिलेलं नाही. वजन उतरलं की बीपी उतरतं आणि जुना डोस जड पडायला लागतो. डायबेटिस असेल आणि सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी सल्फोनिलयुरिया गटातली गोळी चालू असेल तर उपाशी राहून साखर खाली जाऊ शकते, ते तर अजिबात थांबवून ठेवायचं नाही. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, याच आठवड्यात फोन करा.

आता लिहायचं काय. मी माझ्याकडे येणाऱ्यांना सांगते की वार लिहू नका, इंजेक्शनचा दिवस शून्य धरा आणि तिथून मोजा, एक, दोन, तीन असं सहापर्यंत. आठवडाभर औषधाचा जोर सारखा नसतो. बऱ्याच जणांना पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि अन्नावर वासना नाही, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जरा भूक डोकं वर काढते. वारांप्रमाणे लिहिलं तर हा नमुना दिसत नाही, दिवस शून्यपासून लिहिलं तर तीन आठवड्यांत आपोआप दिसतो. मग पहिल्या दोन दिवसांत पातळ, थोडं, कमी तेलकट आणि पाचव्या दिवशी नीट जेवण असं ठरवता येतं. प्रत्येक नोंदीत वेळ, काय खाल्लं, साधारण किती, आणि पुढच्या तीन-चार तासांत पोटाने काय उत्तर दिलं ते. शेवटचं लोक गाळतात आणि तेच कामाचं. मळमळ, आंबट किंवा सडक्या अंड्यासारखे ढेकर, पोट फुगणं, संडास झाली की नाही, हे सगळं लाज न बाळगता. पोट हळू रिकामं होत असताना दुपारी खाल्लेल्या तळणाचा त्रास रात्री झोपताना होतो आणि आपण दोष देतो रात्रीच्या बिचाऱ्या सूपला.

आणि प्रोटीन. यावर मी जरा अडूनच बसणार आहे. सेमाग्लुटाइडची जी मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली त्यात १९६१ माणसं होती, ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, तुलनेसाठी औषध नसलेलं नुसतंच इंजेक्शन घेणाऱ्यांचं २.४ टक्के. हे सगळे सांगतात. त्यातल्या १४० जणांचं शरीर स्कॅन करून पाहिलं होतं ते कमी जण सांगतात. चरबी भरपूर गेली हे खरंच, पण गेलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीशिवायचा होता, म्हणजे स्नायू, पाणी वगैरे. कुठल्याही मार्गाने वजन उतरवलं तरी थोडे स्नायू जातातच, पण चार घासांवर दिवस काढून ते मुद्दाम कशाला घालवायचे? मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर दिवसाला वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हा आकडा बरेच आहारतज्ज्ञ धरून चालतात (मूत्रपिंडाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). एका अंड्यात ६ ग्रॅम, कपभर दुधात ८, शंभर ग्रॅम शिजवलेल्या मासे-चिकनमधे २० ते ३०. आता तुमच्या एका दिवसाची बेरीज करा, चहातल्या दुधापासून. मला भीती वाटते की ती पंचवीससुद्धा भरणार नाही. म्हणून जेवताना पहिला घास प्रोटीनचा, भाजी-भात नंतर, कारण चौथ्या घासाला पोट "बास" म्हणणार हे तुम्हाला आता माहितीये, मग त्या चार घासांत काय जातं ते तरी आपल्या हातात ठेवू.

सतत उलट्या, पाणीसुद्धा न टिकणं, किंवा वरच्या पोटात न थांबणारी जोरात कळ आणि ती पाठीकडे जाणं, यातलं काही झालं तर वहीत लिहीत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयात खडे, दोन्ही या औषधांच्या इशाऱ्यांत आहेत.

प्रश्न: मी ५२ वर्षांचा. चार महिने औषध चालू आहे, ॲपमधे रोज नोंद करतो, एकही दिवस चुकलेला नाही. ॲप म्हणतं मी रोज १३०० कॅलरी खातो. गेले पाच आठवडे वजनाचा काटा हललेला नाही. मित्र म्हणतो औषध "सेट" झालं, आता डोस वाढव. बायको म्हणते ॲपच खोटं बोलतं. नक्की काय?

उत्तर: वहिनींच्या बाजूने माझं मत. म्हणजे ॲप मुद्दाम खोटं बोलत नाही आणि तुम्हीही बोलत नाही, पण दोघं मिळून जो आकडा काढताय त्याच्यावर माझा फार विश्वास नाही.

१९९२ सालचा एक अभ्यास आमच्या धंद्यात फार सांगितला जातो. "आम्ही काही खातच नाही तरी वजन उतरत नाही" असं म्हणणारे लोक घेतले, आणि विशिष्ट प्रकारचं पाणी पाजून शरीर खरोखर किती ऊर्जा जाळतं ते मोजायची एक पद्धत आहे त्यावरून त्यांचं खरं खाणं काढलं. लोकांनी लिहिलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी होतं आणि लिहिलेला व्यायाम ५१ टक्क्यांनी जास्त. ही लबाड माणसं नव्हती, त्यांना मनापासून तसंच वाटत होतं. मीही यातलीच आहे. एकदा पेशंटला सांगायच्या आधी आपण करून बघू म्हणून पंधरा दिवस वही ठेवली, आणि दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की स्वयंपाक करताना चव बघणं, चमच्याला लागलेलं चाटणं, कपाट उघडल्यावर हाताला लागलेले चार शेंगदाणे, यातलं काहीच मी लिहिलेलं नाही कारण उभ्याने खाल्लेलं मी खाणं धरतच नव्हते!

तुम्ही एकच करा. सात दिवस, फक्त सात, स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवा आणि तेल मोजा. बाकी सगळं अंदाजाने चालेल, तेल नाही. चरबीत ग्रॅममागे ९ कॅलरी, प्रोटीन आणि पिष्टमय पदार्थांत ४, म्हणजे एक मोठा चमचा तेल साधारण १२० कॅलरी, आणि कढईत "जरासं" ओतलेलं तेल कधीच एक चमचा नसतं. दुसरं, पिणं लिहा. ज्यूस, साखरेची कॉफी, दारू घेत असाल तर दारू (तिच्यात ग्रॅममागे ७). या औषधांवर घन अन्न नको वाटतं पण पातळ सहज जातं, ही पळवाट भल्याभल्यांना सापडते. तिसरं, ॲपमधल्या बऱ्याच नोंदी तुमच्या-माझ्यासारख्या लोकांनीच भरलेल्या असतात, एकाच पदार्थाला पाच वेगळे आकडे दिसतात आणि आपला हात बरोब्बर सगळ्यात लहान आकड्यावर जातो.

पण हे सगळं नीट निघालं, खरंच कमी खाताय, तरी काटा अडू शकतो. पोट साफ होत नसेल तर एक-दीड किलो तिथेच बसलेलं असतं, आणि या औषधांवर बद्धकोष्ठता अगदी घरोघरी. शिवाय हलकं झालेलं शरीर कमी जाळतं, जे खाणं पहिल्या महिन्यात वजन उतरवत होतं तेच आता जेमतेम तोलून धरतं. कंबरेचं माप घेतलंय का पाच आठवड्यांत? घ्या. पँट सैल आणि काटा जागेवर असं चित्र मी खूप वेळा बघितलंय. डोस वाढवायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, मित्राला म्हणावं तू आपला चहा पाज, बिनसाखरेचा.

प्रश्न: मला ऑर्लिस्टॅट दिलंय, दिवसातून तीन वेळा १२० मिलिग्रॅम. ऑफिसात दोनदा फार लाजिरवाणा प्रसंग आला, जास्त लिहीत नाही. डायरीचा यात काही उपयोग?

उत्तर: सगळ्यात जास्त उपयोग तुम्हालाच. हे औषध भुकेला हात लावत नाही, ते आतड्यात चरबी पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतं आणि खाल्लेल्या चरबीतला साधारण ३० टक्के भाग न पचताच पुढे जातो. पुढे म्हणजे कुठे ते तुम्हाला कळलंच. तेव्हा तुमच्या वहीत कॅलरी नसल्या तरी चालेल, चरबीचे ग्रॅम हवेत. दिवसाच्या कॅलरींत ३० टक्क्यांच्या आसपास चरबी आणि तीही तीन जेवणांत वाटून, असं औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. १५०० कॅलरी धरल्या तर दिवसाला ५० ग्रॅम, जेवणाला सोळा-सतरा. त्या दोन दिवसांची आदल्या दिवसापासूनची पानं काढा, मला खात्री आहे एकाच जेवणात तीस-चाळीस ग्रॅम सापडतील. जेवण चुकलं किंवा त्यात चरबीच नसली तर ती कॅप्सूल घ्यायची नसते, हेही वहीत खूण करून ठेवा. ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी व्हिटॅमिन्ससुद्धा वाहून जातात, म्हणून मल्टिव्हिटॅमिन रात्री झोपताना, कॅप्सूलपासून निदान दोन तास लांब. थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि यात चार तासांचं अंतर.

प्रश्न: ताई, हे कोणाला सांगितलेलं नाही. मी २३ वर्षांची. कॉलेजात असताना मी जवळजवळ वर्षभर खाणं तोडलं होतं, नंतर खूप खाऊन उलट्या काढायचे. ते थांबलं, वजन वाढलं, आता वजनासाठी औषध सुरू केलंय. क्लिनिकमधून ॲप दिलंय, कॅलरी लाल झाल्या की छातीत धडधडतं, हिरव्या राहिल्या की खूप बरं वाटतं, इतकं बरं की मी मुद्दाम आणखी कमी खाते. मी काही चुकीचं करतेय का?

उत्तर: बाळा, तू चुकीचं काही करत नाहीयेस, पण ते ॲप आजच काढून टाक. मी इतक्या ठामपणे कोणालाच सांगत नाही, सगळ्यांना लिहा लिहा म्हणून मागे लागणारी बाई मी, तरी तुला सांगते की हे आकडे तुझ्यासाठी नाहीत. तुझं जुनं दुखणं आकड्यांवरच जगतं आणि आता त्याला भूक मारणारं औषध आणि लाल-हिरवं बटण दोन्ही मिळालंय.

ज्या डॉक्टरांनी औषध दिलं त्यांना तुझा हा इतिहास माहितीये का? पत्रावरून तरी नाही असंच वाटतं. तो सांगावाच लागेल, लाज वाटत असेल तर हेच पत्र छापील दाखव, बोलायचीसुद्धा गरज नाही. यातली काही औषधं अशा इतिहासात चालतच नाहीत. नाल्ट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑनची जी जोडगोळी वजनासाठी देतात ती ॲनोरेक्सिया (खाणं तोडण्याचा आजार) किंवा बुलिमिया (खूप खाऊन उलट्या काढण्याचा आजार) असलेल्यांना देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. तुझं औषध कोणतं ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून आणखीच सांगते, उद्या फोन कर. आणि मनाच्या डॉक्टरांकडेही जा, आधी गेली असशील तर परत.

वही ठेवायचीच असेल तर बिनआकड्यांची. "दुपारी जेवले, मैत्रिणीबरोबर, अर्ध्यात पोट भरलं, नंतर मळमळलं नाही." एवढंच. किंवा ताटाचा फोटो, तोही तू बघायचा नाहीस, तुझ्या आहारतज्ज्ञाला पाठवायचा. आणि काहीच नको वाटलं तर काहीच नको. न लिहिताही उपचार होतात.

प्रश्न: माझी आई ७१ वर्षांची, गुडघ्यांसाठी वजन कमी करायचंय म्हणून टिर्झेपाटाइड (तेही आठवड्याचं इंजेक्शनच) चालू आहे. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून मीच तिची वही लिहिते. रोज ऑफिसातून आले की विचारते काय खाल्लंस, आणि रोज भांडण. ती म्हणते तू माझी पोलीस आहेस का. काय करू?

उत्तर: पोलीसच झालात तुम्ही, थोड्याशा. दिवसभराचं संध्याकाळी विचारलं की ती उलटतपासणीच होते, आणि सत्तरीतल्या माणसाला सकाळच्या नाश्त्यात काय होतं हे आठवेलच असंही नाही, मग ती काहीतरी ठोकून देते आणि तुम्ही ते लिहिता. त्यापेक्षा तिला फोनवर बोलून पाठवू दे, खाल्लं की लगेच, "आत्ता दोन अंडी खाल्ली गं, एक उरलं" असं दहा सेकंदांचं. लिहिण्यापेक्षा बोलणं बायकांना जड नसतं, मी बाईच आहे म्हणून म्हणते! आणि तिच्या वहीत खाण्यापेक्षा दुसऱ्या दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. खुर्चीतून हात न टेकता उठता येतंय का, आणि तोल गेला का, पडता पडता वाचली का. या वयात गेलेला स्नायू सहजी परत येत नाही, गुडघ्यासाठी वजन उतरवायचं आणि मांड्याच अशक्त व्हायच्या हा तोट्याचा सौदा. प्रोटीनबद्दल पहिल्या उत्तरात लिहिलंय ते आईला आणखीच लागू समजा, आणि फिजिओथेरपिस्टकडून हलके व्यायाम शिकून घ्या, नुसतं चालणं पुरत नाही.

वही मात्र तिच्याच हातात ठेवा. डॉक्टरांसमोर तीच उघडेल.

काही छोटे प्रश्न एका दमात घेते. एक वाचक विचारतात डोस विसरला तर वहीत काय लिहू: आधी माहितीपत्रक बघा, सेमाग्लुटाइडला साधारण पाच दिवसांच्या आत आठवलं तर घेता येतं, टिर्झेपाटाइडला चार, त्याहून उशीर झाला तर तो सोडून पुढचा ठरल्या दिवशी, दोन डोस एकदम कधीच नाही, आणि वहीत घेतल्याची खरी तारीख, घ्यायला हवी होती ती नाही. एकीने कुटुंबनियोजनाच्या गोळीबद्दल विचारलंय, फार चांगलं केलं विचारलं, टिर्झेपाटाइड सुरू केल्यावर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुढचे चार आठवडे तोंडाने घ्यायच्या गोळीवर एकटीवर विसंबू नका, निरोध वगैरे सोबत हवं, म्हणून डोस वाढवल्याची तारीख वहीत ठळक. मूल हवं असेल तर आणखी आधीपासून डॉक्टरांशी बोला, सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करायला सांगतात. आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटच्या डोसची तारीख आणि सध्या मळमळ-पोटफुगी आहे का ते सांगायचंच, नेहमीइतका वेळ उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं आणि भुलीत ते धोक्याचं.

प्रश्न: डॉक्टर माझी डायरी बघतच नाहीत. चार महिने मर मर लिहिलं, त्यांनी दोन पानं उलटली आणि म्हणाले छान, चालू ठेवा. राग आला.

उत्तर: येणारच. पण चार महिन्यांची वही दहा मिनिटांत कोण वाचणार हो. आदल्या रात्री एक पान तयार करा. वर डोसच्या तारखा. खाली, किती जेवणं चुकली, उलटी किती दिवस, पोट किती दिवसांनी साफ होतं, एका चांगल्या आणि एका वाईट दिवसाचं प्रोटीन, आणि एक प्रश्न. एकच, पाच नाही. ते पान हातात द्या आणि वही पिशवीत राहू दे, लागली तर काढता येईल. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा जाड वही बघितली की आधी शेवटचं पान उघडते.

प्रश्न: दीड वर्ष इंजेक्शन घेतलं, १८ किलो उतरले. आता पुढच्या महिन्यात बंद करायचं ठरलंय, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. डायरीही बंद करू ना? कंटाळा आलाय खरं तर.

उत्तर: कंटाळा आला असेल हे मान्य, पण मला विचाराल तर आत्तापर्यंत वही नसती तरी चाललं असतं, आता नाही चालणार.

पहिल्या उत्तरात सेमाग्लुटाइडच्या ज्या चाचणीचं सांगितलं त्यातल्याच काही लोकांवर औषध बंद झाल्यावर वर्षभर लक्ष ठेवलं होतं. उतरलेल्या वजनातलं साधारण दोन तृतीयांश परत आलं. घाबरवायला सांगत नाहीये, आणि लोकांनी आळस केला म्हणून ते आलं असंही समजू नका, औषधाने दाबलेली भूक परत आली एवढंच. ज्यांना आधी दिवसभर डोक्यात खाण्याचीच बडबड चालायची, आता काय खाऊ, नंतर काय खाऊ, फ्रीजमधे काय आहे, त्यांची ती बडबड औषधावर गप्प झालेली असते आणि बंद केल्यावर हळूहळू परत सुरू होते. हळूहळू, कारण सेमाग्लुटाइड एका आठवड्यात निम्मंच जातं, पूर्ण जायला पाच-सात आठवडे लागतात. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत "अरे, मला तर काहीच फरक नाही" असं वाटेल. तिथे फसू नका.

दुसरा एक अभ्यास आहे २००८ सालचा, औषधांचा नाही, नुसत्या वही-आहार-व्यायामाचा. सुमारे १७०० लोक, सहा महिने, आणि रोज लिहिणाऱ्यांचं वजन अजिबात न लिहिणाऱ्यांच्या दुपटीने उतरलं. रोज लिहिणारी माणसं मुळातच जास्त चिकाटीची असतील असं कोणी म्हणेल, असतीलही, पण औषध नसताना हाताशी जे काही स्वस्तातलं आहे त्यात वही बरीच वरती येते.

पण तुमची वही आता बदला, म्हणजे कंटाळाही जाईल. खाणं सगळं लिहू नका. दिवसातून तीनदा भुकेला दहापैकी मार्क द्या, आणि त्या वेळी डोक्यात बडबड होती की नाही ते हो-नाही. आठवड्यातून एकदा वजन आणि कंबर. खाण्याची पूर्ण नोंद फक्त दोन दिवस, एक कामाचा एक सुट्टीचा. भुकेचे मार्क सलग दोन आठवडे चढत गेले तर तेव्हाच डॉक्टरांना फोन करा, वजन पाच किलो चढेपर्यंत तोंड लपवून बसायचं नाही, जे बहुतेक जण करतात. पुन्हा औषध लागलं तर लागलं, बीपीची गोळी परत सुरू करावी लागली म्हणून कोणी शरमतं का? जुन्या वह्या टाकू नका, डोस वाढवताना कोणत्या दिवशी काय त्रास झाला ते सगळं त्यात आहे, पुन्हा सुरू करायची वेळ आली तर लागेल.

नव्या वहीच्या पहिल्या पानावर शेवटच्या इंजेक्शनची तारीख आणि त्या दिवशीची कंबर लिहा, आणि मला तीन महिन्यांनी कळवा.